चमचाबाईंचा कान

पक्षाघाताच्या वॉर्डात त्यांना कोणी नावाने हाक मारत नसे. तोंडावर सगळे 'मॅडम' म्हणत आणि पाठ फिरली की 'चमचाबाई'. हे त्यांना पक्कं ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. वरच्या मजल्यावरच्या एका वात्रट ब्रदरने एकदा लिफ्टमध्ये विचारलं होतं, "मॅडम, तुम्ही नक्की कोणाच्या चमच्या?" बाईंनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. पुढचे सहा महिने तो जिन्याने जायचा.

चमचा खरोखरचा होता, साधा चहाचा. मेंदूत रक्ताची गाठ अडकली किंवा रक्तस्राव झाला की माणसाचा हात जातो, पाय जातो, वाचा जाते, हे सगळ्यांना माहीत असतं. घसाही जातो हे फारसं कोणाला माहीत नसतं. आपण जन्मल्यापासून गिळतो, त्यामुळे गिळायला काही यावं लागतं हेच आपल्या गावी नसतं. अशा माणसाला प्रेमाने पाजलेला चहाचा घोट पोटाऐवजी छातीत उतरतो आणि दोन दिवसांत ताप येऊन माणूस जातो. म्हणून वॉर्डात आलेल्या प्रत्येकाच्या उशाशी आधी पाटी लागते, 'तोंडाने काही देऊ नये', आणि नाकातून नळी जाते. ती पाटी काढायची की नाही, हे चमच्यावर ठरतं.

बाई पेशंटला ताठ बसवत. लुळ्या हाताखाली उशी, पाठीशी दोन उशा, तोंड आतून पुसून स्वच्छ. मग एक चमचा पाणी. दोन बोटं कंठावर टेकलेली, कंठ वर उचलला गेला की ते बोटांना कळतं. घोट उतरला की बाई म्हणत, "आता आ म्हणा." त्या 'आ'मध्ये सगळं असायचं. 'आ' कोरडा आला तर पाणी गेलं तिथे गेलं. 'आ' ओला आला, तळाशी काही खदखदल्यासारखा, तर पाणी वाट चुकलं. काही घसे इतके बधिर झालेले असतात की पाणी श्वासनलिकेत उतरलं तरी त्यांना ठसकासुद्धा लागत नाही. माणूस शांतपणे तुमच्याकडे बघून हसतो. तेव्हा फक्त आवाज खरं बोलतो.

गिळण्याच्या डॉक्टर मंगळवारी आणि शुक्रवारी यायच्या. बाकीचे पाच दिवस सगळे घसे बाईंच्या ताब्यात. अठ्ठावीस वर्षं नोकरी झाली होती, त्यातली एकोणीस ह्याच वॉर्डात. एकदा तर त्या दारातून आत येत होत्या, दुसरी सिस्टर पेशंटला तिसरा चमचा देत होती, आणि बाई दारातूनच ओरडल्या, "थांब!" एवढ्या लांबून त्यांना ओला आवाज ऐकू आला होता. ही गोष्ट पुढे नव्या मुलींना तिखटमीठ लावून सांगितली जायची. बाईसुद्धा कोणी नवी आली की पहिल्याच दिवशी बजावायच्या, "बाकी काहीही विचार, पण माझ्या कानावर शंका घ्यायची नाही."

आणि हाच कान तीन वर्षांपूर्वी दगा द्यायला लागला.

सुरुवात कुकरपासून झाली. तीन शिट्ट्या ठरलेल्या असताना पाच व्हायच्या आणि भाताचा गोळा व्हायचा. नवरा टपाल खात्यातून निवृत्त झालेला, शांत, कोणाच्या अध्यात न मध्यात. तो गोळा मुकाट्याने खायचा. एक दिवस टीव्हीचा आवाज कमी करत म्हणाला, "अगं, कान दाखवून घे एकदा."

"माझ्या कानाला काय धाड भरलीये? तूच तोंडातल्या तोंडात पुटपुटतोस."

"पंचवीस वर्षं पुटपुटतोय. तेव्हा ऐकू यायचं तुला."

बाई फणकारून आत गेल्या. पण पुढच्या सुट्टीच्या दिवशी दोन बस बदलून त्या शहराच्या दुसऱ्या टोकाला एका कानाच्या डॉक्टरांकडे गेल्या, जिथे त्यांना ओळखणारं कोणी नव्हतं. काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. बराच वेळ आवाजच येईना, म्हणून त्यांनी काचेतून डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांचा चेहरा बघून त्यांना कळलं की आवाज केव्हाचे चालू आहेत. कागदावर एक रेघ निघाली, अर्ध्यापर्यंत सरळ आणि मग जिन्यासारखी खाली.

"बारीक आवाज गेलेत. हळूहळू बाकीचेही जातील," डॉक्टर म्हणाले. "मशीन लावा. काम काय करता?"

"घरीच असते," बाई म्हणाल्या.

तो कागद त्यांनी कपाटात स्वतःच्या गुडघ्याच्या जुन्या एक्सरेच्या पाकिटात ठेवला. नवऱ्यालाही दाखवला नाही.

त्यांना भीती मशीनची नव्हती. भीती होती तळमजल्याची. त्यांच्या बरोबरच्या एक सिस्टर पाठ धरल्यावर कपड्यांच्या स्टोअरला बदलून गेल्या होत्या. एके काळी बघताबघता तीन पेशंट सावरणारी ती बाई आता दिवसभर ट्यूबलाइटखाली चादरींच्या घड्या घालत बसायची आणि भेटलं की फक्त चादरींबद्दल बोलायची. चमचा गेला तर आपल्याजवळ काय उरतं, हा प्रश्न बाईंना झोपू देत नसे. उत्तर त्यांना सापडलं नाही आणि त्यांनी शोधलंही नाही.

मग त्या युक्त्या शिकल्या. ओठ वाचायला शिकल्या. "मास्क काढून बोल, मला गुळमुळीत बोललेलं चालत नाही," असं डाफरलं की समोरचा घाबरून मास्कही काढायचा आणि मोठ्यानेही बोलायचा. बाईंचा स्वभाव हल्ली फार तापट झालाय, असं वॉर्डात सगळे म्हणत. त्यात बाईंचं फावायचं. आणि जिथे काहीच कळलं नाही, तिथे त्या हसून मान हलवायच्या आणि "हो हो" म्हणायच्या. शंभरातल्या नव्वद वेळा "हो हो" बरोबर बसतं, हे त्यांनी पाहिलं होतं.

आणि पेशंटच्या 'आ'चं काय? 'आ' काही बारीक आवाज नाही, तो मला येतो, असं त्या स्वतःला सांगायच्या. बोटं तर शाबूत आहेत. तीन वर्षं निभावलं.

मग टेलरकाका आले.

सदुसष्ट वर्षांचे असतील. उजवी बाजू गेलेली, तोंड वाकडं झालेलं, बोलणं जड, पण डोकं लख्ख. चौथ्या दिवशी थोडं बोलायला लागले, तेव्हा बाईंकडे बघून त्यांनी काहीतरी म्हटलं. अर्धं तोंड वाकडं झालेल्या माणसाच्या ओठांवरून काही वाचता येत नाही. बाई हसून "हो हो" म्हणाल्या. शेजारी बसलेली त्यांची बायको लाजली.

"मनावर घेऊ नका हं सिस्टर," काकू म्हणाल्या. "ते म्हणतात, तुमच्या कोटाचा खांदा चुकलाय. कोणी शिवला, त्याचे हात बांधून ठेवा म्हणतात."

बाई खरंच हसल्या. कोट हॉस्पिटलनेच शिवून दिलेला होता आणि खांदा गेली चार वर्षं चुकलेलाच होता. "बरे व्हा, तुमच्याकडूनच दुरुस्त करून घेते," त्या म्हणाल्या. तेव्हापासून काका त्यांना बघितलं की डाव्या हाताने स्वतःच्या खांद्याकडे बोट दाखवायचे आणि पुढे काहीतरी बोलायचे. बाई म्हणायच्या, "हो हो, नक्की."

काकांचा जीव चहात अडकला होता. काकू रोज घरून थर्मास भरून आणायच्या, स्वतः घोटभर घ्यायच्या आणि काका त्या झाकणाकडे बघत राहायचे. "दुकानात तासातासाला लागायचा हो," काकू सांगायच्या. "पाटी केव्हा काढणार?"

शनिवार होता. सकाळचे अकरा वाजले होते. गिळण्याच्या डॉक्टर यायला अजून तीन दिवस होते. बाईंनी काकांना बसवलं, उशा लावल्या, तोंड पुसलं. शेजारच्या खाटेवर हवेच्या गादीचा पंप घरघरत होता आणि बाहेर लादी घासायचं यंत्र चालू होतं. दोन महिन्यांपूर्वी लागलेली नवी मुलगी ट्रे धरून उभी होती.

पहिला चमचा. कंठ उचलला गेला, जरा सावकाश, पण गेला. "आ म्हणा." काकांनी तोंड उघडलं. दुसरा. तिसरा. "आता मोठा आ."

आवाज आला, पण लांबून आल्यासारखा आला. बाईंना तो कोरडा वाटला. कोरडा वाटावा असं त्यांना वाटत होतं, हेही खरं. त्यांनी नजर उचलली तर नवी मुलगी त्यांच्याकडेच बघत होती, डोळे जरा मोठे झालेले. बाईंच्या मनात आलं, हिला विचारावं, तुला कसा वाटला? एवढंच विचारायचं होतं, एका श्वासात झालं असतं. पण अठ्ठावीस वर्षांची सिस्टर दोन महिन्यांच्या पोरीला कसं विचारणार? आणि काका थर्मासकडे बघत होते, काकू बाईंकडे बघत होत्या. बाईंनी कागदावर लिहिलं, 'गिळणे ठीक. तोंडाने सुरू करावे.' पाटी काढली.

काकूंनी झाकणात चहा ओतला, फुंकर घातली आणि चमच्याने पाजायला लागल्या. बाई दोन खाटा पलीकडे औषधं देत होत्या. मध्येच काकांनी त्यांच्याकडे बघून हात वर केला आणि काहीतरी म्हटलं. आला पुन्हा खांदा, असं बाईंना वाटलं. त्या हसल्या. मान हलवली. "हो हो!" म्हणाल्या आणि पुढच्या खाटेकडे वळल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताप आला. संध्याकाळपर्यंत श्वास धापा टाकल्यासारखा झाला. छातीच्या फोटोत उजवं फुप्फुस खालून पांढरं पडलेलं दिसलं. काकांना आयसीयूत हलवलं आणि घशात नळी घालून मशीनवर ठेवलं. नातेवाईक जमले. मोठे डॉक्टर चष्मा पुसत म्हणाले, "होतं असं. कधीकधी नीट तपासूनही कळत नाही. किंवा घरच्यांनी जरा घाईने पाजलं असेल."

हे शेवटचं वाक्य त्यांनी सहज म्हटलं होतं, पण ते काकूंनी उचललं आणि काकांच्या धाकट्या भावानेही उचललं.

बाईंनी नव्या मुलीला कपडे बदलायच्या खोलीत गाठलं. दार लावून घेतलं.

"शनिवारी तू माझ्याकडे तशी का बघत होतीस?"

मुलगी लॉकरच्या कुलपाशी चाळा करत राहिली.

"माझ्याकडे बघून बोल."

"मॅडम, आवाज ओला होता." तिचे डोळे भरून आले. "तिन्ही वेळा. मला वाटलं, मलाच अजून कळत नाही. तुम्ही ठीक लिहिलंत, म्हटलं तुम्हाला बरोबर ऐकू आलं असणार."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्हीच सांगितलं होतंत ना मॅडम. पहिल्या दिवशी."

बाई बाकावर बसल्या. मुलगी रडत रडत "माझं चुकलं, मी बोलायला हवं होतं" म्हणत राहिली. बाईंनी तिचा हात धरला आणि म्हणाल्या, "तुझं काही चुकलेलं नाही. हे कोणी विचारलं तर जसंच्या तसं सांग." तेवढं त्यांना म्हणता आलं. पुढचं, जे खरं करायला हवं होतं, ते करायला त्यांनी अजून तीन दिवस घेतले. ह्या तीन दिवसांसाठी त्यांना माफ करावं असं सांगणाऱ्यालाही वाटत नाही.

काकू आयसीयूच्या बाहेर बाकावर बसून असायच्या. मांडीवर रिकामा थर्मास. रविवारपासून त्यांनी तो हातातून सोडला नव्हता. बाई ड्यूटीवर येताजाता त्यांना पाण्याची बाटली द्यायच्या, पाठीवरून हात फिरवायच्या, "थोडं खाऊन घ्या काकू" म्हणायच्या. एकदा जवळ गेल्या तर धाकटा दीर बोलत होता. तो ठणठणीत आवाजाचा माणूस, त्याचं ऐकायला कान लागत नव्हते.

"वहिनी, एवढी कसली घाई होती? डॉक्टरच म्हणाले ना, घाईने पाजला म्हणून. दादाने मागितला म्हणून काय विष मागितलं तरी देशील?"

काकू थर्मासचं झाकण फिरवत राहिल्या. बाई मूग गिळून पुढे निघून गेल्या. त्या संध्याकाळी कुकर लावायलाच त्या विसरल्या. नवऱ्याने काय झालं म्हणून विचारलं, तेव्हा त्यांनी कपाट उघडलं, एक्सरेचं पाकीट काढलं आणि तो कागद त्याच्यासमोर ठेवला. त्याने तारीख पाहिली. मग बाईंना दिसेल असं तोंड समोर करून, सावकाश म्हणाला, "उद्या जाऊन सांग. मी येऊ का बरोबर?"

"नको," बाई म्हणाल्या आणि ओक्साबोक्शी रडल्या.

बुधवारी सकाळी त्या मेट्रनच्या खोलीत गेल्या. कागद टेबलावर ठेवला. शनिवारचं सगळं सांगितलं. मेट्रन त्यांच्याच बॅचच्या, हॉस्टेलमध्ये दोघी एका खोलीत राहिलेल्या.

"दार लाव आधी," मेट्रन म्हणाल्या. मग कागद उलटा करून ठेवला. "हे बघ. कान खराब असला तर आपण तुझी बदली करू, गुपचूप. पण शनिवारचं मध्ये आणू नकोस. न्यूमोनिया ह्या पेशंटना असाही होतो. तुझ्यामुळेच झाला हे कोण सांगणार?"

"कोणी नाही सांगणार. पण त्यांच्या बायकोवर घालतायत सगळे."

"नातेवाईक चार दिवस बोलतात. विसरतात."

"ती नाही विसरणार गं."

मेट्रन उत्तर देणार, तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. बाईंना वाजलेला कळला नाही, मेट्रनने उचलला तेव्हा कळला. मेट्रनने ऐकून घेतलं, फोन ठेवला आणि बाईंकडे बघून ओठ स्पष्ट हलवत म्हणाल्या, "तुझे टेलरकाका गेले. आत्ता."

बाई उठल्या. मेट्रन मागून काहीतरी म्हणाल्या असतील. वळून पाहिलं असतं तर ओठ दिसले असते. त्यांनी पाहिलं नाही.

आयसीयूबाहेर सातआठ माणसं होती. धाकटा दीर भिंतीला टेकून रडत होता आणि रडता रडता तेच म्हणत होता, "चहापायी गेला माझा भाऊ. एका चहापायी." काकू बाकावर तशाच बसलेल्या, थर्मास मांडीवर, त्यांच्या दोन्ही बाजूंची जागा रिकामी. कोणी जवळ बसलं नव्हतं.

बाई त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"काकू, तुमची काही चूक नाही." आवाज वाजवीपेक्षा मोठा निघाला, सगळे वळले. बाईंना ते हवंच होतं. "चहा पाजायला मी सांगितलं. त्याआधी तपासलं मी. त्यांचा आवाज ओला होता, पाणी छातीत जात होतं, ते ऐकू यायला हवं होतं. मला आलं नाही. मला तीन वर्षं नीट ऐकू येत नाही. मला माहीत होतं आणि मी लपवलं. एरवीही हे झालं असतं का, ते मला सांगता येणार नाही. पण पाटी मी काढली. तुम्ही नाही."

दीर रडायचा थांबला. कोणीतरी "काय म्हणतायत ह्या?" असं विचारलं असावं, तसे ओठ हलले.

काकूंनी रुमाल तोंडाशी धरला होता. मान खाली. त्या रुमालाआडून काहीतरी म्हणाल्या. ओठ दिसत नव्हते. बाईंची मान सवयीने हलायला लागली होती, ती त्यांनी आवरली.

"काकू, मला ऐकू आलं नाही. परत सांगाल का?"

काकूंनी रुमाल खाली घेतला. आधी दिराकडे पाहिलं, मग बाईंकडे. आणि बहिऱ्या माणसाशी बोलतात तशा, एकेक शब्द सुटा करून मोठ्याने म्हणाल्या,

"ते तुम्हाला म्हणाले होते. चहा पिताना. हात वर करून म्हणाले, सिस्टर, घशात काहीतरी राहिल्यासारखं वाटतंय, पिऊ ना? आणि तुम्ही हसून हो हो म्हणालात. म्हणून मी उरलेला पाजला. चार दिवस मी सांगतेय, सिस्टर हो म्हणाल्या होत्या. हे सगळे म्हणतात, सिस्टर असं कशाला म्हणतील. शेवटी मलाही वाटायला लागलं, मीच मनाने रचलं."

"म्हणाले होते ते," बाई म्हणाल्या. "मी हो हो म्हटलं होतं. न ऐकता."

दीर बाकाच्या टोकाला येऊन बसला, वहिनीपासून हातभर अंतरावर. वॉर्डबॉय सहीसाठी कागद घेऊन आला. काकू उठल्या, थर्मास कुठे ठेवावा ते त्यांना कळेना, तेव्हा तो त्यांनी बाईंच्या हातात दिला आणि सही करायला आत गेल्या.